पापलेट देऊन कुपा

आमच्या मालवणात मासे धरणारे वेगळे आणि मासे खाणारे वेगळे. मी खाणाऱ्यांत जन्मलो. लहानपणी जेटीवर जाऊन गरवायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्या वेळी गरीला माझ्याच शर्टाची बाही लागली, दुसऱ्या वेळी शेजारच्याची. तेव्हापासून बाजारात उभं राहायचं, कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघायचं आणि लाल असला तरी नाक मुरडायचं, एवढाच माझा मत्स्यव्यवसायाशी संबंध उरला. न्यू जर्सीत आल्यावर काचेमागच्या बर्फाकडे बोट दाखवून तो मी जमेल तसा टिकवला.

माझे साडू मात्र धरणारे निघाले. साडू मूळचे लातूरचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून ज्या गावाला पाणी न्यावं लागलं, तेच लातूर. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, आणि मास्तरांनी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. आज त्यांच्या एडिसनच्या गॅरेजमध्ये मोटार मावत नाही इतक्या काठ्या, रिळं, आकडे आणि बर्फाच्या पेट्या आहेत. मोटार बाहेर भिजते. मेहुणी त्यावर काही बोलत नाही, ती फक्त दर हिवाळ्यात काचेवरचा बर्फ खरवडताना गॅरेजच्या दाराकडे बघते.

ऑगस्टच्या शेवटी साडू म्हणाले, "पाव्हणं, एकदा चलाच. रात्रभराची बोट आहे. टुना."

टुना हा शब्द इंग्रजीत ऐकला की छान वाटतो. मराठीत त्याला कुपा म्हणतात, कुणी गेदर म्हणतात, आणि लगेच त्याची पत कळते. आमच्या घरी सुरमई नाही, पापलेट नाही, बांगडाही शिळा आणि येणारे पाहुणेही काही खास नाहीत, अशा दिवशी कुपा आणला जायचा. मांस लालभडक, रक्त फार, तिरफळं मूठभर घातली तरी आपला हेका न सोडणारं. आईच्या मते कुपा हा मासाच नव्हे, मटण होता होता राहिलेला प्रकार. त्या कुप्यासाठी साडेचारशे डॉलर भरायचे, वर खलाशांची बक्षिसी वेगळी, आणि आख्खी रात्र उभ्याने काढायची, असा बेत होता. मी हो म्हणालो. साडूला नाही म्हणण्याची किंमत त्याहून जास्त पडते.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी पॉइंट प्लेझंटच्या धक्क्यावर पोचलो. अशा बोटीवर वीस-पंचवीस जण माणशी पैसे भरून चढतात. कुणी कोरियन, कुणी इटालियन वंशाचे, दोघे व्हिएतनामी काका, एक निवृत्त पोलीस. प्रत्येकाच्या हातात बर्फाची पेटी, आणि प्रत्येकाच्या तोंडावर वऱ्हाडातल्या वरबापाचा भाव. मुलगी आपल्यालाच मिळणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. साडूंच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्या पिशवीत आलेपाक. शिवाय बोट लागू नये म्हणून कानामागे औषधाची चकती चिकटवली होती. मालवणच्या माणसाने ही गोष्ट गावी कळू द्यायची नसते, पण इथे लिहिली आहे खरी.

पाच-सहा तास बोट नुसती पूर्व-आग्नेयेला चालत राहिली. हडसन नदी न्यूयॉर्कपाशी समुद्राला मिळते असं आपण नकाशात बघतो. मिळते, पण तिथे संपत नाही. हिमयुगात समुद्राची पातळी बरीच खाली होती, तेव्हा आजच्या समुद्राचा तळ ही कोरडी जमीन होती आणि नदी तिच्यावरून वाहायची. न्यूयॉर्कपासून शंभरेक मैलांवर ही उथळ जमीन संपत येते आणि पाण्याखाली हडसन कॅन्यन नावाची दरी लागते. अमेरिकेच्या पोटातल्या ग्रँड कॅन्यनशी तुलना होते इतकी मोठी, फक्त बघायला कुणी जात नाही, कारण दिसत नाही. या दरीच्या कडांवरून खालचं गार, सकस पाणी वर ढकललं जातं. उन्हाळा सरता सरता गल्फ स्ट्रीमपासून सुटलेले गरम, निळे भोवरे तिथवर येतात. गार आणि गरम जिथे एकमेकांना खेटतात तिथे बारीक मासळी जमते, बारीक मासळीमागे माकुलं, आणि माकुलांमागे कुपा. आमचा कॅप्टन, म्हणजे आपल्याकडचा तांडेल, उपग्रहाने काढलेला पाण्याच्या तापमानाचा रंगीत नकाशा पडद्यावर घेऊन बसला होता. दोन अंश इकडे, दोन अंश तिकडे. माझ्या आजोबांच्या ओळखीचा तांडेल पाण्यात हात घालून हेच सांगायचा, आणि चुकला तर दर्याला शिव्या देता यायच्या. उपग्रहाला देऊन काय उपयोग!

अंधार पडल्यावर इंजिन मंदावलं. दिवे पाण्यावर टाकले. आणि दोन मेटनी, म्हणजे खलाशांनी, डेकवर पुठ्ठ्याच्या चपट्या पेट्या आणून आदळल्या. एकाने सुरीने पट्टी कापली, प्लॅस्टिकचा कागद दूर केला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने शब्द गेला,

"पापलेट!"

चंदेरी, चपटी, गोल, तोंड इवलंसं, शेपटी दुभंगलेली. तळहाताएवढी पापलेटं, एकमेकांना चिकटून गोठलेली, पेटीच्या काठापर्यंत. मी हात जोडायचा तेवढा राहिलो.

"बटरफिश," साडू म्हणाले. "आमिष हाय ते."

सांगतो ते खरं आहे, मी नंतर तपासलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा बटरफिश आणि आपलं पापलेट एकाच कुळातले, स्ट्रोमॅटिडी त्या कुळाचं नाव. सख्खे नव्हेत, चुलत म्हणा. पण चुलत असले तरी तोंडवळा घराण्याचा आहे, आणि पापलेट म्हणजे साधंसुधं घराणं नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने चंदेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. आता विचार करा, राज्य माशाच्या चुलतभावांच्या पाच-सहा पेट्या, आणि समोर एक माणूस त्यांचे तुकडे करून समुद्रात फेकायच्या तयारीत. कशासाठी, तर कुपा मिळावा म्हणून. सोन्याच्या तुकड्या पेरून ज्वारी काढण्याचा हा धंदा मला कुणी आधी सांगितला असता, तर मी घरीच राहिलो असतो. बाकी कुणाला काही वाटत नव्हतं. निवृत्त पोलीस सँडविच खात होता.

मेटने माझ्याकडे बघून सुरी आणि फळी पुढे केली. नव्या माणसाला काम देण्याची पद्धत सगळ्या जगात सारखीच. मी एक बटरफिश घेतला. हाताला सवय असते. मी पर कापले, शेपूट छाटली, पोटाला छोटीशी चीर देऊन आतलं काढलं, पाण्यात विसळला आणि दोन्ही बाजूंना तिरक्या तीन-तीन चिरा दिल्या. मसाला आत मुरायला. दुसरा घेतला. तिसऱ्यावर होतो तेव्हा लक्षात आलं की मेट उभा राहून बघतोय.

"तू तो खाणार आहेस का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो. त्या क्षणी ते खोटं होतं.

मग त्याने दाखवलं. डोकं एक तुकडा, मधले दोन, शेपटी एक. साफ करायचं नाही, धुवायचं नाही, रक्त आणि तेल हवंच. तुकडे सारख्या आकाराचे हवेत, कारण पाण्यात ते सारख्या वेगाने खाली जायला हवेत. अर्धवट गोठलेला मासा कापताना बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात, मग आपली राहात नाहीत. अर्ध्या तासात बादली भरली. मालवणात एवढ्या तुकड्यांत एक मुंज उरकली असती.

आता फेकायचं. या प्रकाराला इथे चंकिंग म्हणतात. चंक म्हणजे तुकडा, त्यावरून. ऐकायला अगदी सोपं आहे. बोटीच्या मागच्या बाजूने तुकडे टाकत राहायचं, प्रवाहाबरोबर त्यांची एक लांबच लांब माळ पाण्यात खाली खाली जाते, त्या माळेचा माग काढत टुना वर येतो, आणि तुकडा समजून एक गरी गिळतो. मी ओंजळ भरली आणि टाकली. दुसरी भरली.

तीन माणसं एकदम ओरडली. त्यातली दोन इंग्रजीत आणि एक लातूरच्या मराठीत.

"पाव्हणं! लगीन लागलंय काय इथं? हात आखडा!"

तर नियम असा आहे. तीन-चार तुकडे टाकायचे आणि थांबायचं. दिव्याच्या उजेडात ते खाली जाताना दिसतात, आधी पांढरे, मग हिरवट, मग काजव्यासारखे, मग नाहीत. शेवटचा दिसेनासा झाला की पुढचे तीन-चार. कमी टाकले तर माळ तुटते, टुना दुसऱ्या कुणाच्या दारी जातो. जास्त टाकले तर त्याचं पोट खालीच भरतं, तो वर यायची तसदी घेत नाही. म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवायचं, पण उठून जाऊ द्यायचं नाही.

हे कौशल्य मी यापूर्वी एकाच माणसात पाहिलं होतं, आमच्या वाडीतल्या लग्नांतल्या एका वाढप्यात. पंगत बसलेली, भात अजून चुलीवर. हा गृहस्थ मीठ घेऊन एक फेरी मारायचा. मग लिंबाची फोड. मग चटणी, बोटाने, हिशेबाने. मग पुन्हा मीठ. शंभर माणसं पाऊण तास पानावर बसून असायची आणि एकही उठायचा नाही, कारण पुढच्या क्षणाला काहीतरी येणार असं प्रत्येकाला वाटत राहायचं. तो आज हडसन कॅन्यनवर असता तर मेट लोक त्याच्या पाया पडले असते.

मला ते जमेना. आमच्याकडे कुणी पानावर बसला की वाढणाऱ्याचा हात आपोआप सुटतो. 'एकच तुकडी घे' म्हणत तीन घालायच्या आणि नाही म्हणणाऱ्याच्या हातावरून रस्सा ओतायचा, हे संस्कार. खाली अंधारात कुणीतरी भुकेलेलं आहे हे माहीत असताना, हातात भरलेली बादली असताना, चार तुकडे टाकून हात धुवून उभं राहायचं? दर दोन मिनिटांनी माझ्या हातून एक-दोन जास्त जायचे. मेटने शेवटी बादली माझ्याकडून काढून साडूंकडे दिली.

साडू मात्र अजब. मागच्या कठड्याला पोट टेकवून उभे, डोळे पाण्यावर, आणि हात जणू मोजपात्र. तीन तुकडे. थांब. तीन तुकडे. थांब. बोट थोडी वळली, प्रवाह बदलला की दोन. थांब. तास गेला तरी चुकले नाहीत. मी विचारलं, हे जमतं कसं? म्हणाले, "आमच्यात टँकर आठ दिवसांनी यायचा. रांजण तेवढाच. आई तांब्यानं पाणी द्यायची, अन् तांब्या कुठवर भरायचा ते ठरलेलं. हात शिकतो की ओ." मी पुढे काही विचारलं नाही. ज्याच्या अंगणात पाऊस चार महिने उभा असतो, त्याने या विषयावर बोलू नये.

तुकडे टाकणं ही अर्धी विद्या. उरलेली अर्धी गरीवरच्या तुकड्याची. तो तुकडा बाकीच्यांसारखाच वाटला पाहिजे, हा सगळा खेळ. गरी तुकड्याच्या आत लपवायची, टोकसुद्धा जेमतेम बाहेर. दोरीचा शेवटचा हिस्सा फ्लुरोकार्बनचा, कारण तो पाण्यात फारसा दिसत नाही आणि टुनाचे डोळे मोठे, नजर भारी. पण गरीला वजन असतं, त्यामुळे तिचा तुकडा इतरांपेक्षा भरभर बुडतो. तेवढ्याने टुनाला संशय येतो! म्हणून काही जण तुकड्याच्या आत थर्मोकोलचा चुरा खोचतात, वजन तोलायला. एवढं करून रीळ मोकळं सोडायचं आणि हाताने दोरी ओढून ओढून पाण्यात द्यायची, वावभर, पुन्हा वावभर, म्हणजे तुकडा कुठेही अडखळल्यासारखा वाटणार नाही. दोरी क्षणभर ताणली की खाली तुकडा एका जागी थांबतो, आणि प्रवाहात एकटाच थांबलेला तुकडा म्हणजे मिरवणुकीत एकटाच उलट चालणारा माणूस. सगळ्यांच्या नजरेत येतो.

आपल्या देशातसुद्धा टुना फसवण्याची एक जुनी विद्या आहे, लक्षद्वीपला, विशेषतः मिनिकॉयला. तिथे तुकडे नाहीत. जिवंत बारीक मासळी पाण्यात सोडतात, वरून पाणी शिंपडतात म्हणजे पृष्ठभाग खळबळतो, आणि काट्याशिवायच्या गरीने काठीला झटका देऊन टुना थेट होडीत फेकतात. रात्रभर डोळे फाडून बसणं नाही, थर्मोकोल नाही. हे मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "शांत बसा, दोरी द्या."

अकराच्या सुमाराला दिव्याखाली पाणी चमकायला लागलं. माकुलं! शेकडो. काचेसारखी, पुढे-मागे सारख्याच सफाईने जाणारी, मधूनच लाल होणारी. शेजारच्या व्हिएतनामी काकांनी छोटा गळ सोडून पाच मिनिटांत सात काढली. माझ्या डोळ्यांपुढे कढई, खोबऱ्याचं वाटण, वर कोथिंबीर. काकांनी त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात ताजं माकूल उचललं, आणि गरीला लावून समुद्रात परत पाठवलं. टुनासाठी.

साडेबाराला शेजारच्याची काठी वाकली. बोटभर हलकल्लोळ. मेट आकडा घेऊन धावला, वाकून पाहिलं, आणि चेहरा पाडून म्हणाला, "शार्क." निळी, सडपातळ, सात फुटांची. मोरी! मालवणी माणसाला मोरी म्हटल्यावर काय आठवतं ते मालवणी माणसाला सांगायला नको. इतरांना सांगून कळायचं नाही. मी पुढे झालो तोवर मेटने दोरी कापली होती. ही निळी मोरी खायला बरी नसते, मांसाला अमोनियाचा वास मारतो, असं साडूंनी समजावलं. असेल. पण हिशेब बघा. पापलेट कापून टाकलं, माकूल गरीला लावलं, मोरी सोडून दिली. आणि ज्याची वाट बघत पंचवीस माणसं थंडीत कुडकुडत उभी आहेत, तो कोण? कुपा.

रात्रीच्या दोन वाजता बोटीवर माणूस खरा कसा आहे ते कळतं. निवृत्त पोलीस बसल्या जागी घोरत होता, काठी मात्र हातातून सुटली नव्हती. एक तरुण मुलगा कठड्याला धरून समुद्राला आपल्यापुरतं आमिष देत होता, आणि त्याला कुणी 'हात आखड' म्हणालं नाही. कानामागच्या चकतीने मला उलटी झाली नाही, फक्त तोंडाला कोरड पडली आणि सगळ्या जगाबद्दल एक मऊ उदासीनता आली. अंगाला, केसांना, आलेपाकालाही बटरफिशच्या तेलाचा वास. तो वास पुढे आठवडाभर टिकला, गाडीत महिनाभर.

तीनच्या आधी मला मासा लागला. कसा लागला ते प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण साडू वेगळंच सांगत फिरतात. मी दोरी वावभर-वावभर देत होतो, तेवढ्यात पायाशी एक माकूल आलं. अगदी जवळ, हाताने उचलावं असं. मी कठड्यावरून वाकून त्याच्याकडे बघत राहिलो आणि काठी, रीळ, दोरी, टुना, साडेचारशे डॉलर, सगळं विसरलो. रीळ मोकळं होतं. दोरी आपल्या मर्जीने जात राहिली, कुठे ओढ नाही, कुठे अडखळ नाही. रात्रभर सगळे जे साधायचा प्रयत्न करत होते ते माझ्या दुर्लक्षाने अचूक साधलं. मग एकदम रिळाचा आवाज बदलला. दोरी जात नव्हती, पळत होती.

"लिव्हर! लिव्हर!" साडू किंचाळले. "झटका देऊ नका!"

गोल वळणाच्या गरीला झटका द्यायचा नसतो. लिव्हर पुढे सारून दोरी हळूहळू आवळायची, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. बसली. काठीने नमस्कार घातला, आणि माझ्या खांद्यांना कळलं की खाली जे आहे त्याला वर यायचं नाही.

टुनाबद्दल एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. तो थांबू शकत नाही. तोंड उघडं ठेवून पोहत राहिलं तरच कल्ल्यांतून पाणी जातं, थांबला की श्वास थांबला. जन्मल्यापासून मरेपर्यंत चालूच. शिवाय गार पाण्यातसुद्धा तो आपले स्नायू पाण्यापेक्षा गरम ठेवतो, शिरा आणि धमन्या एकमेकींना चिकटून जातात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून मांस लाल, म्हणून ताकद. आई मटण म्हणायची ते उगाच नव्हतं. असा हा गडी एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला गेली अठरा वर्षं खुर्चीत बसून काम करणारा मी.

मासा उजवीकडे गेला की मला उजवीकडे जावं लागतं, कठड्याला लागून, इतरांच्या काठ्यांच्या कधी वरून, कधी खालून. "वरून! खालून! वरून!" मेट ओरडतोय. मंगळागौरीच्या खेळात असतं तसं. व्हिएतनामी काकांच्या मी खालून गेलो, पोलिसाच्या वरून गेलो, तो तेव्हाही जागा झाला नाही. साडूंच्या दोरीत मात्र गुंतलो. साडूंनी एक सेकंदही विचार न करता स्वतःची दोरी कापली. माझ्या लग्नात मानपानावरून झालेला सगळा विषय माझ्यापुरता तिथे मिटला.

शेवटी तो बोटीखाली गोल गोल फिरायला लागला. टुना हरताना असाच फिरतो. प्रत्येक फेरीला थोडा वर. मग दिव्याखाली पिवळा पंख दिसला, कोयत्यासारखा, हळदीत बुडवल्यासारखा. मेटने आकडा मारला. पस्तीस मिनिटं झाली होती. बेचाळीस पौंडांचा यलोफिन. लगेच कल्ल्यापाशी कापून रक्त वाहू दिलं, आतलं काढलं, बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळलेल्या पेटीत ढकलला. अंग गरम असतं ना, लगेच गार केला नाही तर मांस आतून शिजल्यासारखं होतं. कायद्याने माणशी दिवसाला तीन यलोफिन ठेवता येतात, प्रत्येक किमान सत्तावीस इंच. मला तीनची काळजी करावी लागली नाही. साडूंना पहाटे दोन लागले. पोलिसाला एक, झोपेत.

शनिवारी रात्री घरी आलो. बायकोने आधी मला अंघोळीला पाठवलं, मग मासा बघितला, मग कागद घेतला. बोटीचे साडेचारशे, मेटला नव्वद, भाड्याची काठी, पेट्रोल, बर्फ, औषधाची चकती, सगळे मिळून सहाशे साठ. डोकं, काटे, कातडं, काळं मांस जाऊन हातात आलं बावीस पौंड. "पौंडाला तीस डॉलर," ती म्हणाली. "दुकानात चोवीसला मिळतो, आणि तिथे जाकीट फेकून द्यावं लागत नाही." मी तिला सांगितलं की २०१९ च्या जानेवारीत टोकियोच्या लिलावात एक टुना तेहतीस कोटी छत्तीस लाख येनला गेला. ती म्हणाली, तो ब्लूफिन होता, दोनशे अठ्ठ्याहत्तर किलोचा, आणि विकत घेणाऱ्याचं हॉटेल आहे. तिला हे सगळं कसं माहीत असतं, कोण जाणे.

मुलाने सोया सॉस आणि ती हिरवी चटणी घेऊन कच्च्या फोडी संपवायला सुरुवात केली. तेवढ्यात मालवणहून आईचा व्हिडिओ आला. तिकडे सकाळ होती. मी अभिमानाने मासा दाखवला.

"कुपो?" आई म्हणाली.

"टुना गं."

"कुपोच तो. आणि पोरगो कच्चो खाता काय? मांजरासारखो?" मग थोडं थांबून, "धरलंस कसो?"

मी सगळं सांगितलं. पेट्या, तुकडे, माळ, रात्रभर तीन-तीन तुकडे. बटरफिश हा शब्द तिला कळेना म्हणून म्हणालो, आपल्या पापलेटासारखाच, चुलत.

फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"पापलेटां दर्यात टाकलंस," आई म्हणाली, "आणि कुपो घेवन इलंस. खुळावलंस काय रे?"

मी बायकोकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही.

कुप्याचं तिरफळ घालून कालवण केलं, चांगलं झालं. उरलेल्या फोडी नुसत्या तव्यावर बाहेरून भाजून आतून लाल ठेवल्या, त्याही वाईट नव्हत्या. पुढच्या शनिवारी मी एडिसनच्या कोरियन दुकानात गेलो आणि बर्फावरचे बटरफिश घेऊन आलो. मीठ, हळद, तिखट, आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवले. जास्त ठेवू नका, मासा नाजूक आहे, मोडतो. तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तळले. काटा मऊ, मांस लोण्यासारखं, नाव उगाच ठेवलेलं नाही. साडू जेवायला होते. आठ खाल्ले, आणि आमिषाला हात लावताना यापुढे मन कचरेल म्हणाले.

ऑक्टोबरच्या बोटीला आमच्या दोन जागा धरून झाल्या आहेत. मी मेटला फोन करून विचारून ठेवलंय. पेटी फोडल्याबरोबर त्यातले मोठे दहा-बारा बटरफिश माझ्या बर्फाच्या पेटीत टाकायला त्याची हरकत नाही. काळी मिरी जास्त घालून आण, एवढंच तो म्हणाला.